दादाच्या घशातली गाठ

आज दुपारी सेवाग्रामच्या दवाखान्यात माझ्या मोठ्या भावाचा रिपोर्ट मिळाला. उजव्या टॉन्सिलमध्ये लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. दादा चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे.

तीन महिन्यांपूर्वी तो म्हणाला होता, "बाई, एकाच बाजूनं घास अडकून राह्यला." घशात पाहिलं तर उजव्या बाजूला सूज होती. मी हसले. या वयात टॉन्सिल?

आमच्या देवळी गावात एक म्हातारी अंगठ्याला हळद-मीठ लावून सुजलेला घसा दाबून देते. लहानपणी आम्हा दोघांचाही घसा तिच्या सासूने दाबला होता. मीच दादाला तिच्याकडे नेलं. एकदा नाही, चार वेळा. आणि मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे.

आज डॉक्टरांनी विचारलं, "त्रास केव्हापासून आहे?" मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "झाले असतील पंधरा दिस."

"तीन महिने झाले, डॉक्टर. उशीर माझ्यामुळे झाला," मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. उपचाराला किती यश येईल, ते आत्ताच सांगता येत नाही म्हणाले.

बाहेर आल्यावर दादा चिडला. "काऊन सांगतलं? लोकं तुले नावं ठेवतीन ना!"

मैत्रिणींनो, हळहळू नका. घरातल्या वयस्क माणसाचा घास अडकत असेल, तर उद्याच डॉक्टरकडे न्या.

आणि एवढं सांगा, माझी चूक झाकायला जो स्वतःच्या इलाजातही खोटं बोलतो, त्याची माफी कोणत्या तोंडाने मागू?