साळ्याच्या घरचे सरडे

माझ्या साळ्यानं सरड्यांवर जेवढा जीव लावला, तेवढा सरड्याच्या मायनंही लावला नसंल. उमरखेडले राहतो. रिटायर मास्तर. पेन्शन लागली की माणसं काशीले जातात, हा कॅमेरा घेऊन केरळात गेला, मंग अंदमानात, आणि तिथल्या सरड्यांचे फोटो काढून आणून घरभर टांगले. सैपाकघरात गळ्याखाली पिवळी झालर असलेला, देवघराच्या दारावर झाडावरून झाडावर उडणारा, आणि बैठकीत डोळे वटारलेली हातभर घोरपड. पाहुण्याले चहाच्या आधी सरडे दाखवणार. लेकीले पाहायले आलेले लोक त्या घोरपडीखालीच बसवले. पोराची माय म्हणे, "हे जरा काढून ठेवता का?" तं हा म्हणतो, "बाई, ती घरचीच आहे. तुमचं अजून ठरायचं आहे." तरी लग्न जमलं, हे त्या पोरीचं नशीब.

माझी बायको त्याची सख्खी मोठी बहीण. तिले त्याचं भारी कौतुक. अंदमानले त्याच्यासंगं तीही गेलती. मी सोयाबीन सोडून कुठं जातो? मागच्या साली ती वारली. तेरवीले हार घालायले फोटो पाहिजे, आणि घरात धड एक नाही. कोणी मोबाईल धरला की ती तोंडावर पदर घ्यायची. आधार कार्डावरचा मोठा करून आणला, तं दुसऱ्याच कोण्या बाईचा वाटे. शेवटी साळ्याले फोन केला. म्हटलं, "हजार सरडे काढले तू. बहीण काढली का एखादी?"

तेरवीच्या आदल्या दिवशी तो आमच्या गावी फुलसावंगीले आला. डोळे सुजलेले, बगलेत फ्रेम. तीन दिवस सारे फोटो चाळले म्हणे, तवा हा एक सापडला. झाडाच्या बुंध्यावर हिरवागार सरडा, आणि बाजूले वाकून बोट दाखवत असलेली माझी बायको. पदर खांद्यावर, तोंडभर हसून राह्यली.

"भाऊजी, सरडा कापून फक्त ताई ठेवता येते. दुकानवाला तयार आहे. तुमाले विचारल्याबिगर काही केलं नाही."

"कायले कापतं? मंग ती एकटीच हसून राह्यली असं दिसंल."

तसाच लावला. तेरवीले बाया पाया पडल्या आणि मागं सरून कुजबुजल्या. कुजबुजोत. सकाळी हार बदलतो तवा पह्यले तिच्याकडं पाहतो, मंग त्या सरड्याकडं. त्या दिवशी ती एवढी हसली, तवा मी नव्हतो. तो होता.