आनंद, मान्यतेस्तव सादर

सुजाताचा फोन आला तेव्हा मी अंगणात वर्तमानपत्रावर तुरी पसरून निवडत बसलो होतो. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. ती डॉक्टर आहे, आवाज सांभाळायची तिला सवय आहे. पण 'बाबा' म्हणताना तो काही तिला सांभाळता आला नाही. रात्री दहाला झोपले, सकाळी उठलेच नाहीत. यावर मी विचारलं काय, तर "झोप नीट लागली होती ना?" माणूस गेल्यावर असं कुणी विचारतं का? पण गौतमची झोप मोजण्यात माझं आयुष्य गेलं, तोंडातून तेच निघालं. तीही बापाचीच लेक. "लागली होती, काका," म्हणाली, आणि मग आम्ही दोघंही रडलो.

गौतम इंगोले मूळचा इस्लापूरचा, मी चाकूरचा. लातूर नवा जिल्हा झाला आणि नव्या कलेक्टर कचेरीसाठी कुठून कुठून कारकून गोळा केले गेले. त्या खोगीरभरतीत आम्ही दोघं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना येऊन पडलो. कचेरीत धड कपाटं नव्हती, फायली जमिनीवर गठ्ठ्यांनी पडलेल्या. गौतमच्या घराण्यातली ती पहिली सरकारी खुर्ची. पुसायला शिपाई असतानाही तो ती रोज सकाळी स्वतःच्या रुमालानं पुसायचा. मला पहिल्याच दिवशी त्यानं 'जोश्या' करून टाकलं. माझ्या वडिलांनीही मला कधी इतक्या हक्कानं हाक मारली नव्हती.

त्याच हिवाळ्यात तो माळेगावच्या जत्रेला गेला आणि घोडं घेऊन आला. जत्रेतून माणसं घोंगडी आणतात, फार तर शेळी. यानं पांढरं घोडं आणून क्वार्टरच्या दारात बांधलं आणि सोमवारी त्यावर बसून कचेरीत हजर! "नवा जिल्हा हाय जोश्या, नवी सवारी नको?" आमच्या शिपायानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "साहेब, याची नोंद आवकला करू का जावकला?" आम्ही पोट धरधरून हसलो. त्याची बायको कमलवहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी घोड्याभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, "हे खातं काय?" त्या आठवड्यात गौतम जेमतेम दोन-दोन तास झोपत होता, हे त्या एकट्यांनाच माहीत होतं. पुढच्या आठवड्यात तो अंथरुणातून उठेना. घोडं दारात आणि मालक आत, भिंतीकडे तोंड करून. शेवटी वहिनींनी आणि मी ते घोडं एका टांगेवाल्याच्या हवाली केलं आणि गौतमला घेऊन नांदेडच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर भले होते. म्हणाले, मन कधी फार वर जातं, कधी फार खाली. दोष कुणाचा नाही, पण औषध जन्माचं आहे. बायपोलर हा शब्द आमच्या कानावर पुष्कळ उशिरा आला. गौतमनं लातूरच्या अडतीतले दोन शब्द उचलले, तेजी आणि मंदी, आणि शेवटपर्यंत तेच वापरले. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. पाणी भरपूर प्यायचं, मीठ तोडायचं नाही, झोप चुकवायची नाही. परत येताना एसटीत तो मला म्हणाला, "मी बोलायला लागलो अन् थांबलोच न्हाई, तर मला घरी नेऊन घाल. ही खुर्ची माझ्या डोक्यापायी जाऊ देऊ नको." मी शब्द दिला.

तो शब्द मी मोडला. सरळ सांगतो, कारण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. काही वर्षांनी दुष्काळ पडला. मी तोवर अव्वल कारकून झालो होतो आणि आमच्याकडे टंचाईचं काम आलं. कोणत्या गावाला कधी टँकर, याचा रोज नुसता बाजार. गौतमनं दोन दिवस घरी न जाता साऱ्या गावांचा असा तक्ता बनवला की मोठे साहेब खुर्चीवरून उठून पाहायला आले. तो बोलत होता, थांबत नव्हता... मला सगळं दिसत होतं. पण काम होत होतं ना! मी त्याच्या तेजीचा मालक झाल्यासारखा मिरवत होतो. मग तो टँकरबरोबर गावोगाव उन्हात हिंडू लागला. लोकांच्या घागरी भरून दिल्या आणि स्वतः घोटभर प्यायला नाही. पाचव्या दिवशी त्याचे हात कापायला लागले, उलट्या झाल्या, आणि एका विहिरीजवळ तो कोसळला. अंगातलं पाणी आटलं की तेच लिथियम रक्तात साचून विष होतं, हे मला नांदेडच्या दवाखान्यात कळलं. वहिनी माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "भावजी, तुमचं काम झालं. माझा माणूस गेला असता." त्यांनी मला आयुष्यात कधी याहून कडक शब्द वापरला नाही, वापरायची गरजही पडली नाही.

तो बरा झाल्यावर फाईलची कल्पना त्याचीच. "आपुन कारकून मान्सं. कागदाबिगर आपल्याला काई पटत न्हाई. माझ्या डोक्यात आलेलं आता कागदावर येऊ द्या." घरात एक हिरवी फाईल आली. गौतमला काही मोठं करावंसं वाटलं की त्यानं रीतसर टिपणी लिहायची, मान्यतेस्तव सादर करायची, आणि तीन रात्री पुरी झोप झाल्यावरच वहिनींनी आणि मी त्यावर सही करायची. सरकारात फाईल अडवणं हा दोष. आमच्याकडे ते औषध होतं. काय एकेक टिपण्या! मांजरा नदीत हौशी लोकांसाठी होड्या सोडणे. वहिनींचा शेरा, 'आधी नदीत पाणी सोडावे.' नोकरी सोडून बारा गावांत मोफत शिकवण्या काढणे. यावर माझा शेरा, 'झोपून पाहावे.' तीन झोपा झाल्या की बहुतेक वेळा तो स्वतःच लिहायचा, 'प्रस्ताव मागे.' आणि हसत मला दाखवायचा, "बघ, कसला येडा मानूस होता हा परवा!" काही प्रस्ताव मंजूरही झाले. कॉलनीच्या कडेची कडुलिंबाची झाडं त्याच फाईलमधली आहेत.

मंदीतल्या टिपण्या कमी आणि एका ओळीच्या. एकदा नुसतं 'आता पुरे' एवढंच होतं. वहिनींनी तिथल्या तिथे लाल शाईनं 'नामंजूर' लिहिलं, शाळेत रजा टाकली आणि त्याच पावली त्याला नांदेडला नेलं. परत आल्यावर आठ दिवस त्या त्याच्याशेजारी बसून राहिल्या. त्याला बोलतं करायचा प्रयत्न नाही, उपदेश नाही. रोज सकाळी फक्त म्हणायच्या, "चला, ओट्यावर बसून चहा घेऊ." नवव्या दिवशी तो आपणहून ओट्यावर आला. त्या बाईपुढे मी आजही हात जोडतो.

आणि आता मला ज्याची लाज वाटते ते. सुजाताचा मेडिकलला नंबर लागला. इस्लापूरच्या ज्या घरातल्या आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला होता, तिथली पोरगी डॉक्टर होणार! गौतम ओट्यावर नाचला. शेजारच्या पाटलांना त्यानं उचललंच. साऱ्या कॉलनीला जिलबी वाटायची, बँड लावायचा, पोरीला घेऊन सहस्रकुंडाच्या धबधब्याला जायचं... बोलतच होता. मी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी माझ्याकडे. ती नजर त्यानं पकडली. हात वर होते ते खाली आले. आत गेला, फाईल आणली आणि आमच्यासमोर बसून लिहिलं: 'विषय: आज मला आनंद झाला आहे. हा आनंद आजाराचा नसून मुलीचा आहे. मान्यतेस्तव सादर.'

वहिनींचा हात सहीसाठी पुढे झाला होता. मीच घाईनं पेन घेतलं. टँकरच्या वेळी चुकलो होतो, आता चुकायचं नाही, हे डोक्यात बसलेलं. लिहिलं, 'तीन झोपांनंतर सादर करावे.' तो फाईल आत ठेवून आला. जेवला, गोळी घेतली, दहाला झोपला. तिन्ही रात्री शहाण्या मुलासारखा झोपला. चौथ्या दिवशी कॉलनीत जिलबी वाटली गेली. मला एक देताना म्हणाला, "खा जोश्या. जरा शिळा झालाय आनंद, पन गोड लागून राहिला." हसतच म्हणाला. त्या हसण्यानं मी अजून कधीकधी जेवताना थांबतो.

त्यानंतर त्यानं माझ्याकडे टिपणी पाठवली नाही. मला वाटलं, वय झालं, माणूस निवळला. खरंच बरी वर्षं गेली. आम्ही दोघं निवृत्त झालो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात साऱ्या गल्लीला ठाऊक होतं की गौतमकाकाचं पाणी चुकता कामा नये. ज्यांच्या घरी आंघोळीला पाणी नव्हतं त्यांच्याकडूनही रोज एक तांब्या यायचा. हा पठ्ठ्या मोठ्यानं सांगायचा, "साऱ्या लातुरात मीच एकटा पाटावरचा ऊस हाय!" खुर्ची शेवटपर्यंत टिकली. संसार टिकला. मला वाटत होतं, सगळं टिकलं.

गेल्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. चहा झाल्यावर त्यांनी ती फाईल माझ्यापुढे ठेवली. "तुम्ही वाचा भावजी. मलाबी आत्ताच सापडली." मी समजत होतो ती कधीच बंद पडली. ती दुप्पट जाड झाली होती. सुजाताच्या जिलबीनंतर त्यानं लिहिणं थांबवलं नव्हतं, फक्त सादर करणं थांबवलं होतं. छोट्या छोट्या टिपण्या, खाली स्वतःचीच सही. 'कमलनं अंबाडीची भाजी केली. आनंद झाला. झोप सात तास. मंजूर.' 'लिंबावर भारद्वाज दिसला. आनंद झाला. झोप साडेसहा तास. मंजूर.' 'नातीनं मिशा ओढल्या. फार आनंद. झोप पाच तास. उद्या पुन्हा तपासावे.' आणि दुसऱ्या दिवशीच्या तारखेला, 'तपासले. कालचा आनंद खराच होता.' पानामागून पान... इतकी वर्षं हा माणूस आपला आनंद स्वतःच तपासून, स्वतःच मंजूर करून, मुकाट्यानं भोगत होता. आम्हा दोघांना त्यानं पत्ता लागू दिला नाही.

शेवटच्या पानावर मी होतो. तो गेला त्याच्या आदल्या रविवारी त्याच्याकडे जाऊन तासभर बसलो होतो, काही विशेष नाही, डाळीच्या भावावरून भांडून आलो होतो. त्यानं लिहिलं होतं: 'जोश्या येऊन गेला. आनंद झाला. झोप सात तास. मंजूर. त्यास कळवू नये, भाव खाईल.'