वैद्यबुवांच्या वहीतली झाडं

परदेशात कुठं तरी लढाई चालली होती आणि तिच्यामुळे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हती एवढी मागणी आली होती. मी अमरावतीत चितारी होतो. माझे वडील देवळांच्या भिंती रंगवायचे, लग्नाच्या घरी दारावर गणपती काढायचे. मीही तेच शिकलो होतो. पण त्या दोन-तीन वर्षांत मी देव सोडून कापसाच्या गाठींवर निशाण्या काढत होतो. एका व्यापाऱ्याचा हत्ती, दुसऱ्याचं कमळ, तिसऱ्याचा चांद. काजळी तेलात घोटायची, मोठा कुंचला घ्यायचा आणि बैलगाड्या निघायच्या आत गाठी उरकायच्या. मान वर करायला फुरसत नसायची.

आम्हाला एकच मुलगी होती, सहा वर्षांची. एकदा ती बाजारात माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बावा, मले एक ससा काढून द्या ना.” मी म्हणालो, “गाड्या जाऊ दे, मग काढतो.” पुढंही दोनदा तिनं विचारलं आणि दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. वैशाखात गावात पटकी आली. सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळी ती गेली.

त्यानंतर माझा हात चालेना. निशाणीचा हत्ती काढायला बसलो की सोंडेपाशी कुंचला थांबायचा. एका देवळातून देवीचा मुखवटा रंगवायचं काम आलं, तेही मी परत पाठवलं. डोळे काढायचं धैर्य मला नव्हतं. घरी बायको आणि मी एकमेकांशी मिठाचं, पाण्याचं तेवढंच बोलायचो. मुलीचं नाव घेतलं तर समोरचं माणूस कोसळेल, अशी दोघांनाही भीती. शेवटी आषाढात बायकोचा भाऊ येऊन आम्हाला अकोल्याजवळच्या आपल्या शेतावर घेऊन गेला.

तिथं एका सकाळी शेताच्या बांधावर, आमच्याकडं त्याला धुरा म्हणतात, एक म्हातारा काठी आपटत उभा दिसला. ते अकोल्यातले वैद्य होते.

“इथं माही पुनर्नवा होती,” ते मेहुण्याला म्हणत होते. “सुजेवरचं औषध. कुठं गेली ते?”

“नांगरली, बुवा. आता इथं कपाशी हाये.”

“आन् त्या पडीक तुकड्यातली रिंगणी?”

“तिथंबी कपाशीच.”

वैद्यबुवा धुऱ्यावरच बसले. लोकांनी कुरणं नांगरली, धुरे बारीक केले, सगळीकडे कपाशी लावली. बुवांजवळ तीन विद्यार्थी शिकत होते आणि त्यांना दाखवायला झाडंच सापडेनात. त्यातून बुवांची नजर अधू होत चाललेली. मी चितारी आहे हे मेहुण्यानं सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे वळले.

“जी झाडं उरली, ते मले कागदावर काढून देसान?”

“बुवा, माझा हात आता चालत नाही,” मी म्हणालो.

“कावून?”

मुलगी गेल्याचं आणि मुखवट्याचे डोळे काढवले नाहीत हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “झाडाले डोये नसतात. उद्या सकाळी या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मोर्णा नदीच्या काठी गेलो. एका खडकाळ कोपऱ्यात रिंगणी उरली होती, जमिनीला चिकटून पसरलेली, जांभळ्या फुलांची. मी चित्र काढलं. बरंच डौलदार आलं होतं. बुवांनी कागद डोळ्यांना लावून पाहिला आणि परत दिला.

“काटे पानाच्या शिरेवर बी असतात. तुमी नुस्ते देठावर काढले. माहा चेला हे पाहून गेला, तर भलतंच काही उपटून आनन. पुन्ना काढा.”

मी चार वेळा काढलं. चौथ्या खेपेला काटे मोजत, पान उलटं करून पाहत बसलो. उन्हं डोक्यावर आली तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून छातीवरचा दगड मला जाणवलाच नव्हता. याची मला आधी शरमच वाटली. बुवांना तसं म्हणालो, तर ते इतकंच बोलले, “वाटू द्या. उद्या भुईआवळी.”

असा श्रावण गेला. भुईआवळीची बारीक फळं पानाखाली ओळीनं लपलेली असतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माका, आघाडा, गुळवेल, सगळी झाडं मी जन्मभर तुडवत आलो होतो. माझं काम पाहून बायको आपणहून रंग घोटायला बसू लागली. नीळ आणि पिवळी हरताळ किती मिसळली की कोवळं पान होतं आणि किती की जून, हे तिला माझ्याहून लवकर समजलं. ती रंगाची वाटी पुढं करायची, मी मान हलवायचो. बोलणं अजून तेवढंच होतं.

भादव्याच्या शेवटी बुवा म्हणाले, “कपाशीबी काढा. तिच्या मुळीचं औषध होते.” मी आणि बायको सकाळीच मेहुण्याच्या शेतात जाऊन बसलो. हजारो गाठींवर मी निशाण्या काढल्या होत्या, पण कपाशीचं फूल कधी निरखून पाहिलं नव्हतं. सकाळी ते पिवळं धमक उमललं होतं. दुपारनंतर कडेनं लाली चढू लागली. संध्याकाळपर्यंत ते मिटून गुलाबी झालं.

“एकाच दिवसाचं हाये,” बायको म्हणाली.

माझा बांध फुटला. सशाची गोष्ट मी तिला तिथंच सांगितली. तीनदा मागितला आणि तीनदा मी पुढं ढकललं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती बराच वेळ रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “तुमाले वाटते, ते रागावली होती? ते तं गल्लीभर सांगत फिरे, माह्या बावानं हत्ती काढला म्हून गाठी समुद्रापार जातात, नाही तं कोनी घेतच नाही. मले म्हने, ससा मंग काढतीन, आता बावाले लय काम हाये.”

चार महिन्यांत आम्ही पहिल्यांदा मुलीचं नाव घेतलं. मग घरी जाईपर्यंत घेतच राहिलो. ती कशी चालायची, भाकरीचा पापुद्रा आधी कसा खायची, सगळं. वाटेत दोनदा आम्ही हसलोसुद्धा.

दिवाळीला मी चित्रांची वही बुवांच्या हातात दिली. त्यांना तोवर फारच अंधुक दिसत होतं. विद्यार्थी एकेक पान पाहून झाडाचं नाव सांगत गेले आणि बुवा मान डोलावत राहिले. एकही नाव चुकलं नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, “गुळवेलीचं फळ राह्यलं. पुढच्या खेपेले काढजा.”

आम्ही अमरावतीला परतलो. देवीचा मुखवटा मी मागून घेऊन रंगवला. डोळे काढताना कुंचला थांबला नाही. पुढं लढाई संपली, कापसाचा भाव बसला, निशाण्यांचं काम गेलं. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. दुःख अजूनही आहे. वैशाख आला की आम्ही दोघं जरा सांभाळून असतो. पण त्या म्हाताऱ्यानं मला माझा हात परत दिला, आणि माझ्या घरात बोलणं परत आणलं. हे उपकार मी कसे फेडणार?

वही दिल्यानंतरच्या श्रावणात आम्ही आपणहून अकोल्याला गेलो. त्या खेपेला बायकोनं माझ्या हातातून कुंचला घेतला आणि माक्याचं एक पान काढलं. पान जरा वाकडं होतं, पण शिरा तिनं मोजून घेतल्या होत्या. विद्यार्थ्यानं पाहिलं आणि लगेच म्हणाला, “माका.” बुवांनी ते वहीत लावून घेतलं.