मधलं बटन दोनदा

बीडला आमच्या घराच्या वर दोन खोल्या हायेत, त्या भाड्यानं देतो. जिना घरातूनच, म्हणून दार एकच. पुण्याच्या लेकानं त्या दाराला बोटाच्या ठशानं नायतर नंबरानं उघडणारं लॉक बसवलं अन् जाताना सांगितलं, "बाबा, प्रत्येक भाडेकरूला वेगळा नंबर द्या. खोली सोडली की त्याचा नंबर पुसा. मोबाइलवरून होतं."

"मला शिकवतो का बे?" मी म्हणलं. माझी शाळा दुसरीपर्यंत. मोबाइलवरचं ते जमत नव्हतं, अन् कुणाला विचारायचा मला कमीपणा.

बायकोचं बोट लॉक धरेना. अर्धी उमर ऊस तोडून रेघाच गेल्यात. रेशनच्या मशीनवरबी तिचा अंगठा उठत न्हाई. म्हणून लेकानं तिला नंबर दिला. तिला आकडे येत न्हाईत, तिनं जागा पाठ केली. मधलं बटन दोनदा, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या डावीकडचं. दोन वर्षांपासून तिला विसर पडतो. चहात साखर टाकली का ते ध्यानात राहत न्हाई, पण दारावर तिचं बोट कधी चुकलं न्हाई. दार उघडलं की हसायची, "माझं ऐकतंय बगा."

येईल त्या भाडेकरूला मी तोच तिचा नंबर सांगत गेलो.

महिन्यापूर्वी खोली सोडून गेलेला औषध कंपनीतला माणूस एका दुपारी आपली राहिलेली बादली न्यायला आला. नंबर ठाऊकच होता. ना हाक, ना कडी, सरळ वर. वर दवाखान्यातली नर्स राहते, ती केस धुऊन बसलेली. तिची किंकाळी खालपर्यंत आली.

तो गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, आज बादलीसाठी आला. उद्या कशासाठी येईल?"

मी मोबाइल तिच्या हातात दिला. "जुना पूस. नवा टाक."

बायको मारुतीच्या देवळात गेलती, भजनाला. ती यायच्या आत येतो म्हणून मी नर्सच्या खोलीला आतून लावायची कडी आणायला गेलो. दुकानात गर्दी होती, अन् तवर नर्स ड्युटीला गेलेली.

परत आलो तर शेजारीण म्हणाली, "भाऊ, वैनी लई वेळ दारात उभ्या होत्या. लॉक नुसतं टीं टीं करत हुतं. मी म्हणलं आमच्यात बसा, तर म्हणल्या, हे घर आमचं न्हाई वाटतं."

एसटी स्टँडवर सापडली. पदरात प्रसादाचं खोबरं बांधलेलं.

"कुठं निघालीस?"

"माहेरला. घरच्यांनी दार लावून घेतलं. नको झाले असंल मी."

तिच्या माहेरात आता कुणी न्हाई. मी तिथंच बाकड्यावर बसलो. मग हाताला धरून तिला घरी आणलं.

त्याच रात्री नर्स आल्यावर तिच्याकडून बायकोचा जुना नंबर फक्त भजनाहून यायच्या वेळेला चालंल असा परत टाकून घेतला, वरच्या खोलीला आतून कडी बसवली, बाकी ज्याला त्याला वेगळा. जो जाईल त्याचा पुसतो. आता मला येतं ते. खोल्या देणाऱ्या कुणालाबी मी हेच सांगतो, अन् लेकाला फोन करून म्हणलं, तुझं खरं होतं. जन्मात पहिल्यांदा म्हणलं.

पण बायको आता लॉकला हातच लावत न्हाई. मी तिचं बोट धरून मधल्या बटनावर ठेवलं, तर तिनं हात मागं घेतला. "दुसऱ्याचं हाय ते," म्हणली.

भजनाहून आली की पायरीखाली उभी राहून हाक देते, "कोण हाय का घरात?"

मी उठून दार उघडतो. "ये म्हणलं" असं दोनदा बोलल्याबिगर ती चप्पलसुदा काढत न्हाई.