सरांचा बसलेला आवाज

गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास आला की लातूरची ती फुटबॉलची मॅच आठवते. पहिल्याच हाफमध्ये माझा गुडघा गेला आणि मी रडवेला होऊन बाहेर आमच्या कोच सरांशेजारी बसलो. ओरडून ओरडून त्यांचा आवाज पार बसला होता. ते माझ्या कानात पुटपुटायचे आणि मी पोरांना ओरडून सांगायचो, ‘अरे, मागं या, मधी मोकळं हाय!’ थोड्या वेळानं लक्षात आलं, सर केव्हाचेच गप्प आहेत आणि मी आपल्या मनानंच ओरडून राहिलोय. वरमून थांबलो, तर ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘थांबलास कशाला? बोल की, बरोबर हाय.’ मॅच आम्ही हरलो. मी पुन्हा खेळलो नाही, नांदेडात कोच झालो. आता संध्याकाळी घरी आल्यावर एक शब्द बोलावासा वाटत नाही, तेव्हा सर किती दमले असतील ते कळतं.