सहीच्या जागेवरचा हात

"पहिले वाचून दाखवा, मग सही." एवढं बोलून मॅडम फॉर्मवरच्या सहीच्या जागेवर आडवा हात ठेवायच्या. समोरचा माणूस पेन उघडून तसाच बसून राहायचा.

शहरातल्या इतवारा भागात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. मॅडम कागद कारखान्याच्या कॉलनीतल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, राहायला सिंधीपुऱ्यात. रोज अकराला येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि येईल त्याचा फॉर्म फुकट भरून द्यायच्या. गिऱ्हाइकं खोळंबायची, मी मनातल्या मनात चरफडायचो. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या चांगुलपणाचा थोडा जाचच होतो.

एकदा तुकईथड गावचे एक म्हातारबाबा पेन्शनच्या अर्जासाठी आले.

"माले वाचता नाही येत, बाई."

"मग मी वाचते. तुम्ही फक्त बरोबर का गलत ते सांगा."

आणि बाबांनी खरंच गावाच्या नावातली चूक पकडली! मॅडम दिवसभर खूश होत्या.

मॅडमची मुलगी कॅनडात. तिनं आणि तिच्या शेजाऱ्यांनी मिळून एका व्हिएतनामी कुटुंबाला तिकडे बोलावून घ्यायचं ठरवलं. नवरा, बायको आणि लहान मुलगी. घरात प्रार्थनेला माणसं जमवतात म्हणून गावातून हुसकावून लावलेले, आणि आता बँकॉकमध्ये एका खोलीत लपून राहिलेले. पोलिसांनी धरलं तर परत पाठवतील, ही धास्ती. मुलीनं अर्ज भरायचं काम आईकडे दिलं. त्या बायकोचं नाव लिएन. ती व्हिडिओ कॉलवर तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायची, मॅडम सावकाश प्रश्न विचारून लिहून घ्यायच्या. अर्ज माझ्याच दुकानातून गेला.

दोन महिन्यांनी तो परत आला. लिएनच्या निर्वासित कार्डावर एक आडनाव, अर्जात दुसरं. मॅडमनी तिला नवऱ्याचं आडनाव लावून टाकलं होतं. त्यांच्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आपल्याकडे लग्नपत्रिकेची शाई वाळायच्या आत आडनाव बदलतं.

"कार्ड समोर होतं, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं, माहेरचं नाव बदलायचं राहून गेलं असेल. मीच सुधारून दिलं."

"होतं असं, मॅडम. परत पाठवू."

"तसं नाही. साऱ्या दुनियेला वाचून दाखवते, आणि तिलाच नाही दाखवलं. म्हटलं, तिला काय समजणार?"

त्याच आठवड्यात बँकॉकच्या त्या गल्लीत धरपकड झाली. लिएनचा फोन बंद. मॅडम दुकानात यायच्या, पण कुणाच्या फॉर्मला हात लावायच्या नाहीत. मला ते बघवत नव्हतं. एरवी जिचा जाच व्हायचा, तीच बाई गप्प बसली की दुकान खायला उठायचं.

तिसऱ्या दिवशी फोन लागला. तिघंही सुखरूप होते, आतून कडी लावून बसलेले. मॅडमनी आधी माफी मागितली, मग दुरुस्त केलेला अख्खा अर्ज पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. "फाम थी लिएन" आलं तेव्हा ती म्हणाली, "हो. ही मी." मॅडमनी पदरानं चष्मा पुसला आणि तिला आपलं ते वाक्य मराठीतच पाठ करायला लावलं. पुढे प्रत्येक कागदाच्या वेळी तीच आधी म्हणायची, "पहिले वाचून दाखवा!"

अर्ज मंजूर झाला. तिघं विमानतळावर उतरल्याचा फोटो आला, तेव्हा त्यांच्या लहान मुलीच्या अंगात दोन मापं मोठा कोट होता. "पोचले रे बाबा," म्हणत मॅडम खुर्चीत बसल्या आणि भरल्या दुकानात रडल्या. मग मी सगळ्यांसाठी दराबा मागवला, आमच्याकडची रव्याची मिठाई. त्या दिवशी गिऱ्हाइकं खोळंबली, ती माझ्यामुळे.

आता ती खुर्ची रिकामी आहे. सहा महिन्यांसाठी म्हणून मॅडम मुलीकडे गेल्या, त्याला वर्ष होत आलं. फॉर्म भरताना माझाच हात सहीच्या जागेवर जातो आणि लोक वैतागतात.

मागच्या रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिथल्या वाचनालयाचं सभासद व्हायचं होतं आणि फॉर्म लिएननं भरून आणला होता. माझ्याशी बोलता बोलता मॅडमनी पेन उघडलं. तेवढ्यात लिएनचा हात फॉर्मवर आडवा पडला.

"पहिले वाचून दाखवा."

मॅडमनी निमूटपणे चष्मा लावला आणि स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं.