सत्तेचाळीस मिनिटांनंतर

मी जळगाव जामोदच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्या बौद्ध घरात भूतबाधा, भानामती हे शब्द लहानपणीही कधी ऐकले नाहीत. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ विषय बदलायचे. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

माझा धाकटा भाऊ प्रशांत ड्रमर आहे. पुण्यात जॅझ बँडमध्ये वाजवायचा, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, भीमगीतांच्या कार्यक्रमांनाही. त्याला फक्त ड्रम्सचा एक सोलो अल्बम करायचा होता — लाइव्ह, आणि आपल्याच भागात. वरवट बकालला ओळखीतून मंगल कार्यालय मिळालं. डिसेंबरचा रविवार, दुपारी तीनची वेळ, साठ-सत्तर माणसं. रेकॉर्डिंगला त्याचा मित्र रफिक होता. प्रशांतने एका दमात सत्तेचाळीस मिनिटं वाजवलं. टाळ्या संपल्यावर रफिकने मशीन बंद केलं. मी शेजारीच बसले होते. लगेच ड्रम्स सुटे करून टेम्पोत भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रफिक आमच्याकडे आला. "ताई, फाइल तर अठ्ठावन्न मिनिटांची दिसून राह्यली."

टाळ्यांनंतर शांतता होती. मग स्टूल सरकल्याचा आवाज, आणि पुन्हा ड्रम्स. संथ, अडखळत. प्रशांतने दोनेक मिनिटं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"हे मी वाजवलंच नाई," तो म्हणाला. "पन हात माहाच आहे."

"म्हणजे?"

"दोन्ही पायांचे ठोके आहेत, उजव्या हाताचे आहेत. डावा कुठंच नाई, ताई. असं काऊन वाजवीन मी?"

आधीच्या कुठल्या रेकॉर्डिंगचा तुकडा राहिला असेल, असं मी म्हटलं. पण रेकॉर्डरमधलं मेमरी कार्ड कोरं होतं, त्याच दिवशी पाकिटातून काढलेलं. प्रशांतने तेवढा भाग काढून टाकायला लावला आणि अल्बम सत्तेचाळीस मिनिटांचाच निघाला. मूळ फाइल मात्र मी गुपचूप कॉपी करून घेतली. मला कारण शोधायचं होतं.

एप्रिलमध्ये तो खामगावहून बसने येत होता. खिडकीशी बसलेला, हात बाहेर. कडेला उभ्या ट्रकला बस घासून गेली... डावा हात कोपरापासून काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, "ते रेकॉर्डिंग आहे काय तुह्याजवळ?"

मी नाही म्हणाले.

कित्येक महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवण ताटात तसंच राहायचं. मग दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी तो ड्रम्सपाशी जाऊन बसला. मी पेपर तपासत होते. पहिले काही ठोके पडले आणि माझं पेन थांबलं. तेच होतं.

"आठवून वाजवून राह्यला काय रे?"

"नाई. दोनच मिनिटं तर ऐकलं होतं. हात जाते तिकडं जाऊ देऊन राह्यलो."

तेव्हापासून तो रोज वाजवतो. दर आठवड्याला थोडा पुढे सरकतो. मी फाइलशी ताडून पाहते — ठोका चुकत नाही. आता तो पोटभर जेवतो, माझ्याशी बोलतो, रफिकला फोन करतो.

प्रशांत तेच वाजवतोय, हे रफिकला मी अजून सांगितलेलं नाही. रेकॉर्डिंगचं तंत्र जाणणाऱ्या दोघातिघांना त्या फाइलबद्दल विचारलं, कुणालाच उलगडा करता आला नाही. मलाही नाही.

फाइलच्या त्या जादा भागात अकराव्या मिनिटाला वादन मध्येच तुटतं. काठी खाली पडते. मग काहीतरी जड पडतं आणि एक बाई त्याच्या नावाने ओरडते. तो आवाज माझा आहे.

काल तो नवव्या मिनिटापर्यंत आला. त्याला थांब म्हणून कसं सांगू, ते मला कळत नाही.